‘नुसतं दिखाव्यापुरतं’ : साक्षीतल्या एका शब्दाच्या इंग्रजीचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. गाव, वर्षं, रकमा आणि नातीगोती बदलून लिहितेय कारण माणसं अजून त्याच गावात राहतात.

पार्श्वभूमी

मी मराठी कोर्टकागदांची इंग्रजी भाषांतरं करते. आपल्याकडे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात दावे मराठीत लिहिले जातात, साक्षी मराठीत नोंदवल्या जातात, आणि प्रकरण वर गेलं की हा सगळा गठ्ठा इंग्रजीत लागतो. हायकोर्टात निदान बऱ्याच जणांना मराठी वाचता येतं, त्यामुळे भाषांतर कुठे लंगडलं तर कोणीतरी मूळ पान उघडून बघतं. दिल्लीला सुप्रीम कोर्टात तसं होत नाही. तिथे माझं इंग्रजी म्हणजेच साक्षीदाराचा आवाज, त्याच्यामागे दुसरं काही ऐकू येत नाही.

प्रकरण मराठवाड्यातल्या एका बाईंचं, त्यांना मी मावशी म्हणते. सव्वादोन एकर जिरायत. १९९८ साली मुलीच्या लग्नाला साठ हजार लागले, ते गावातल्या एका आडत्याने दिले, महिन्याला शेकडा तीन व्याजाने. तो म्हणाला नुसत्या चिठ्ठीवर एवढे पैसे देत नसतो, जमिनीची खरेदी लिहून द्या, पैसे फिटले की परत तुमच्या नावावर करून देतो. मावशी आणि त्यांचे मालक दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेले, अंगठा दिला, कागदावर किंमत नव्वद हजार दाखवली, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आडत्याचं नाव लागलं. जमीन मात्र एक दिवसही त्याने कसली नाही. म्हणजे बघा, गाव नमुना सातमध्ये मालक म्हणून त्याचं नाव, आणि त्याच कागदाच्या खालच्या भागात, नमुना बारामध्ये, पीकपाहणीला वर्षानुवर्षं मावशींच्या मालकांचं नाव. वर एक गोष्ट, खाली दुसरी, आणि दोन्हीवर तलाठ्याचीच सही!

सात वर्षांत पैसे फेडले असं मावशींचं म्हणणं. आडत्या वारला, मुलं मोजणी घेऊन बांधावर आली, तिथून दावा. तालुक्याच्या कोर्टात मावशी जिंकल्या, जिल्ह्याला हरल्या, हायकोर्टात दुसऱ्या अपिलात परत जिंकल्या, आणि समोरचे दिल्लीला गेले. उत्तर द्यायला आमच्या बाजूने साक्षीची भाषांतरं जोडायची होती, साधारण १४० पानं, मुदत नऊ दिवस.

अडचण कुठे आली

मावशींच्या सरतपासात, म्हणजे आपल्याच वकिलाने घेतलेल्या साक्षीत, एक वाक्य आहे आणि तेच वाक्य थोड्याफार फरकाने उलटतपासात दोनदा येतं. “सदरचे खरेदीखत हे नुसते नावाला, दिखाव्यापुरते करून दिले होते.” बोलताना मावशी काय म्हणाल्या असतील ते मला ऐकू येतं, “नुस्तं दाखवायला केल्तं ते”, मग कोर्टाने ते सदरचे आणि होते करून लिहून घेतलं.

पहिल्या मसुद्यात मी ह्या दिखाव्यापुरतंला पहिल्या ठिकाणी ‘फेक’ लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी ‘नॉमिनल’, तिसऱ्या ठिकाणी ‘बोगस’. मुद्दाम केलं नव्हतं, पण नकळतही नव्हतं. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द परत परत वापरू नका म्हणून जे हातात बसलंय ते इतक्या वर्षांनी बाहेर आलं, आणि खरं सांगायचं तर मसुदा परत वाचताना मला तो छान वाटला होता, इंग्रजी खुलून आल्यासारखं.

दिल्लीच्या वकीलबाईंच्या ज्युनिअरचा रात्री दहाला फोन आला. त्याला मराठी अजिबात येत नाही, आणि म्हणूनच त्याला ते दिसलं. तो म्हणाला, मॅडम, तुमची साक्षीदार तीन वेगळ्या गोष्टी सांगतेय का? पान ४१ वर ती म्हणते कागद फेक आहे, म्हणजे सही तिची नाही. पान ४७ वर म्हणते नॉमिनल, म्हणजे कागद तिनेच केलाय पण नावापुरता. आणि पान ४८ वर बोगस म्हणते, तर त्याच पानावर चार ओळी वर तिने कबूल केलंय की खरेदीखतावर माझाच अंगठा आहे आणि मला ते वाचून दाखवलं होतं. समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत हिला खोटी पाडेल.

मी गप्प झाले. मूळ साक्षीत एक बाई तीन वेळा तोच शब्द बोललेय. सहा वर्षांच्या अंतराने, उलटतपासाच्या माऱ्यात, तोच. खऱ्या साक्षीदाराची जी सगळ्यात मोठी खूण असते ती मी भाषांतरात पुसून टाकली होती.

कोणकोणते शब्द समोर होते

खोट्या देखाव्याला इंग्रजीत शब्द किती आहेत हे थेसॉरस उघडल्यावर कळतं, माणूस दमतो. फसाड, व्हिनिअर, प्रिटेन्स, शराड, गाइज, फ्रंट. ह्यातले बरेचसे मी लगेच बाजूला केले कारण ते साहित्यातले आहेत. फसाड म्हणजे इमारतीचा दर्शनी चेहरा, व्हिनिअर म्हणजे हलक्या लाकडावर चिकटवलेला भारी लाकडाचा पातळ पापुद्रा, दोन्ही प्रतिमा सुंदर, पण मावशींनी प्रतिमा वापरलेली नाही, मग मी कोण त्यांच्या तोंडी घालणार.

एक गोष्ट मात्र इथे सांगावीशी वाटते कारण शोधताना ती मला फार भावली. ह्या शब्दांच्या पोटात जवळजवळ नेहमी एखादी खरी वस्तू किंवा खरा माणूस सापडतो. इंग्रजीत पिंचबेक म्हणजे नकली, हलकं. ते मूळचं लंडनच्या क्रिस्टोफर पिंचबेक नावाच्या घड्याळजीचं आडनाव, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने तांबं आणि जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू केला म्हणून. आपल्याकडे बेगडी म्हणतो तेव्हा मखराला लावायचा तो चमकणारा बेगड असतोच ना मागे, आणि इंग्रजीतला टिन्सेल अगदी तिथेच बसतो. स्पेशस म्हणजे वरवर पटणारं पण आतून खोटं, त्याचा लॅटिन मूळ अर्थ नुसता देखणा असा होता. आणि हिपोक्रिट हा ग्रीकमधला नट, सोंग घेणारा. आपल्या भाषेने सोंग आणि ढोंग वेगळे ठेवले, बोहाड्यात मुखवटा चढवून नाचणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत नाही, तो सोंग आणतो आणि सगळ्यांना ते माहीत असतं. माझ्या कामाचा धडा ह्या फरकात होता पण तो कळायला मला अजून दोन दिवस लागले.

आता कामाचे शब्द.

‘फेक’ आणि ‘फोर्ज्ड’. कोर्टात फेक डॉक्युमेंट म्हटलं की वाचणारा सही खोटी, शिक्का खोटा असंच समजतो. मराठीत त्याला बनावट म्हणतात. मावशींचा कागद बनावट नव्हताच. स्टॅम्प खरा, नोंदणी खरी, अंगठा खरा. म्हणून हा शब्द धोकादायक होता, आणि तोच मी पहिल्याच ठिकाणी टाकला होता.

‘बोगस’. हा आपल्याकडे इतका रुळलाय की बोगस बियाणं, बोगस डॉक्टर, बोगस मतदार, बोगस बिल, सगळीकडे चालतो. मूळ दावा लिहिणाऱ्या वकिलांनीही एका ठिकाणी “बोगस व दिखाऊ” असं जोडीने लिहिलं होतं. कामगार कोर्टात कंत्राटी कामगारांच्या केसेसमध्ये ‘शॅम अँड बोगस’ कंत्राट ही जोडी अगदी नेहमीची, कारण तिथे कंत्राटदार कागदावर असतो आणि खरा मालक मागे. पण शब्द म्हणून बोगसचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्रापासूनचा, आणि तो नकलीचा वास काही जात नाही. दाव्यात जिथे बोगस लिहिलंय तिथे मी बोगसच ठेवलं, ते वकिलांचं लेखन आहे. साक्षीत तो शब्द नाही, म्हणून तिथून काढला.

‘बेनामी’. हा ज्युनिअरनेच सुचवला, कारण शब्द भारतीय इंग्रजीत आहे, दिल्लीला सगळ्यांना कळतो. १९५७ साली रिपोर्ट झालेल्या मीनाक्षी मिल्सच्या निकालातच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की बेनामी शब्द दोन वेगळ्या प्रकारच्या व्यवहारांना सरसकट लावला जातो. एकात खरेदी खरी असते, फक्त घेणाऱ्याचं नाव दुसऱ्याचं. दुसऱ्यात खरेदीच खरी नसते. आमच्याकडे नावं सगळी खरी होती, खरेदी खरी नव्हती. शिवाय १९८८ चा बेनामी कायदा आणि २०१६ ची दुरुस्ती झाल्यापासून त्या शब्दाच्या मागून जप्ती चालत येते. नको.

‘ऑस्टेन्सिबल’. हा मला सगळ्यात जास्त मोहात पाडणारा शब्द. लॅटिनमध्ये दाखवणे ह्या क्रियापदापासून आलेला, म्हणजे दिखाऊ ह्याच्या अगदी सख्ख्या नात्यातला, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तो आहेसुद्धा. कलम ४१ मध्ये दर्शनी मालक, आणि कलम ५८ च्या क मध्ये, गहाण ठेवणारा मालमत्ता ‘ऑस्टेन्सिबली’ विकतो, म्हणजे आपण ज्याला मुदत खरेदी म्हणतो ती. मी जवळजवळ तोच टाकणार होते. मग वकीलबाईंनी सांगितलं की त्याच कलमाला १९२९ मध्ये एक परंतुक जोडलंय, परत करून देण्याची अट त्याच विक्रीच्या कागदात लिहिलेली असली पाहिजे, नाहीतर ते गहाण मानायचं नाही. आमची अट तोंडी. म्हणजे मी साक्षीत ऑस्टेन्सिबल सेल लिहिलं असतं तर वाचणाऱ्याचं डोकं सरळ ५८ क कडे गेलं असतं आणि तिथून दार बंद. आणि मावशी मुदत खरेदी असं कुठेच बोललेल्या नाहीत! गावाकडे मुदत खरेदी हा शब्द बायामाणसांनाही चांगला ठाऊक असतो, त्यांना तो म्हणायचा असता तर त्या म्हणाल्या असत्या.

‘कलरेबल’. जुना कायदेशीर शब्द. ह्यातला कलर म्हणजे वरून दिसणारा हक्क, आत काही असो नसो. ह्याच्यावर मी जरा रेंगाळले कारण मावशींच्या शेजाऱ्याच्या साक्षीत “कर्जाला खरेदीचा रंग दिला” असं वाक्य आहे, आणि दोन भाषांमध्ये एवढा हुबेहूब जुळलेला वाक्प्रचार मिळणं ही आमच्या धंद्यात दिवाळी. शेजाऱ्याच्या वाक्यात ‘गिव्हन द कलर ऑफ अ सेल’ असं लिहिलं आणि ते तसंच राहिलं. मावशींच्या वाक्याला मात्र ते लागू नाही.

‘शॅम’. हा आमच्या केसचा खरा शब्द. कायदा असा की व्यवहार लेखी झाला की त्याच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, पुरावा कायद्याचं कलम ९२, नव्या साक्ष अधिनियमात ९५. पण गंगाबाई विरुद्ध छबूबाई ह्या १९८२ साली रिपोर्ट झालेल्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कागद अंमलात आणायचाच नव्हता, तो शॅम होता, ठरलं होतं ते वेगळंच, हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. तिथेही कर्ज आणि नावापुरती खरेदी असाच मामला होता. म्हणजे ज्या दारातून मावशींना आत जायचं होतं त्या दारावर शॅम हीच पाटी होती.

आणि इंग्लंडमध्ये १९६७ च्या स्नूक निकालात लॉर्ड जस्टिस डिप्लॉकने शॅमची जी व्याख्या केली तिचा गाभा असा, की कागद करणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असतं हा कागद बाहेरच्यांना दाखवायला आहे, आपल्या दोघांतलं खरं वेगळं आहे. एकालाच माहीत असेल आणि दुसरा फसला असेल तर ती फसवणूक, शॅम नाही.

इथे मला सोंग आणि ढोंग आठवलं. खोट्या देखाव्याचा कुठलाही शब्द घ्यायच्या आधी विचारायचं, हा देखावा कोणी उभा केला, कोणाला दाखवायला, आणि तो बघणाऱ्यांपैकी कोणाकोणाला आतलं ठाऊक होतं. बनावटमध्ये एकालाच ठाऊक असतं. फसवणुकीतही एकालाच. दिखाव्यापुरतंमध्ये करणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं आणि निबंधक, तलाठी, गाव ह्यांना ठाऊक नसतं. थेसॉरसमध्ये हे शब्द एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन बसवलेले असतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

निर्णय

खंडपीठातले आमचे वकीलसाहेब म्हणाले, मॅडम मग प्रश्नच मिटला, साक्षीत तिन्ही ठिकाणी शॅम टाका, केस तीच आहे आपली. ते मनापासून म्हणत होते, मावशींसाठी त्यांनी एक रुपया घेतला नव्हता कित्येक वर्षं. मला नाही म्हणणं जड गेलं.

पण मी नाही म्हटलं. शॅम हा निष्कर्ष आहे, तो कोर्टाने काढायचा. मावशींनी सांगितलीय घटना. शॅम लिहिलं असतं तर अंगठा देणारी बाई अचानक बॅरिस्टरसारखी बोलायला लागली असती, आणि भाषांतराच्या खाली मी जी प्रतिज्ञा लिहून सही करते, की हे मूळ मजकुराचं खरं आणि बरोबर भाषांतर आहे, ती खोटी झाली असती. आपली बाजू खरी आहे म्हणून साक्ष थोडी वर उचलून धरायची, ह्या वाटेला एकदा लागलं की परत फिरता येत नाही. समोरच्या साक्षीदारांची पानंही मीच करत होते, त्यांच्या तोंडी मी असा एखादा शब्द घातला असता का?

दिल्लीच्या वकीलबाईंनी लगेच मान्य केलं. त्यांचं म्हणणं, शॅम मी माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहीन, युक्तिवादात बोलेन, तुम्ही मला बाईंचं साधं वाक्य द्या, साधं वाक्य जास्त वजनदार असतं.

मग साधं वाक्य काय? ‘फॉर शो’ सुचला. पण एकटा फॉर शो पण घसरतो, तो शोभेलाही लागतो, दिवाणखान्यात ठेवलेल्या शोपीससारखा. ‘फॉर अपिअरन्सेस’ घेतला तर तो लोकलाजेकडे जातो, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. दोन तास ह्यात गेले आणि मग लक्षात आलं की उत्तर मूळ वाक्यातच होतं, मी ते अर्धंच वाचत होते. मावशींनी एक शब्द वापरलाच नव्हता, दोन वापरले होते. नुसतं नावाला, दिखाव्यापुरतं. नावाला म्हणजे ‘इन नेम ओन्ली’, आणि दिखाव्यापुरतं म्हणजे ‘जस्ट फॉर शो’. पहिला शब्द दुसऱ्याला शोभेकडे घसरू देत नाही, दुसरा पहिल्याला कोरडा पडू देत नाही. तिन्ही ठिकाणी तेच, अक्षरशः तेच, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

काय केलं

सगळी १४० पानं परत काढली आणि वहीत दोन रकाने आखले, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, एकाला एक. दिखाव्यापुरतं, नावाला, खोटं, बनावट, बोगस, कागदोपत्री, रंग दिला, सगळे वेगळे. हे करताना समोरच्या बाजूच्या एका साक्षीदाराच्या “खोटं आहे” ला मी ‘फॉल्स’ लिहिलं होतं आणि मावशींच्या “खोटं आहे” ला ‘नॉट करेक्ट’, हेही सापडलं. तेही सारखं केलं. ज्याच्या बाजूने आपण आहोत त्याला मऊ शब्द आणि दुसऱ्याला कडक, हे माझ्या हातून झालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

एका साक्षीदाराने शेवटचा हप्ता कधी दिला ते सांगताना “गणपतीत मंडळाचा देखावा उघडला त्या दिवशी” असं म्हटलंय. वही करून एकाला एक लावायच्या भरात इथेही शो पडणार होता. हा देखावा कोणाला फसवायला नसतो, तो टॅब्लो. एकाला एक हा नियमसुद्धा शब्दाचा अर्थ बघूनच चालवावा लागतो.

जिथे जिथे दिखाव्यापुरतं आलं तिथे इंग्रजीनंतर मूळ मराठी शब्द देवनागरीत ठेवला, आणि शेवटी एक तळटीप दिली, दोनच ओळींची, की हा शब्द साक्षीत तीन वेळा आला आहे, प्रत्येक वेळी त्याचं भाषांतर एकच ठेवलं आहे आणि त्याचा अर्थ सही खोटी असा होत नाही. तळटीपेत शॅम असो की नसो ह्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी मावशींच्या मुलाला फोन केला, म्हटलं फोन आईकडे द्या. मी इंग्रजीकडे बघून ते मराठीत परत सांगितलं, मूळ वाक्य न बघता. “मावशी, इंग्रजीत असं लिहिलंय, खरेदी नुसती नावाची होती, फक्त दाखवायला.” त्या म्हणाल्या, “हां, आस्संच. दाखवायलाच.” मग जरा थांबून विचारलं, “पण बाई, म्हंजी मी बी खोटा कागद केला असं तर नाय ना व्हत?”

ह्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नाही. शॅमची व्याख्या तीच सांगते ना, दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, तुम्ही लपवलं नाही मावशी, कोर्टात पहिल्या दिवसापासून तेच सांगितलंत. त्या म्हणाल्या, “गरज व्हती.” एवढंच.

पुढे काय झालं

सुनावणीत समोरच्या वकिलांनी भाषांतराचा मुद्दा काढलाच. त्यांच्या बाजूने जोडलेल्या भाषांतरात ह्याच वाक्याला ‘फेक’ होतं, म्हणजे जी चूक मी पहिल्या मसुद्यात केली तीच, त्यामुळे त्या भाषांतरकाराला नावं ठेवायचा मला काहीही हक्क नाही. त्यांचं म्हणणं आमच्या बाजूने शब्द मवाळ केला. आमच्या वकीलबाईंनी तिन्ही पानं आणि तळटीप पुढे केली, तोच मराठी शब्द, तेच इंग्रजी, आणि त्याच पानावर अंगठ्याची कबुली. त्या मुद्द्यावर पुढे कोणी बोललं नाही.

याचिका काही महिन्यांनी फेटाळली गेली. माझ्या शब्दामुळे फेटाळली असं मी कधीही म्हणणार नाही, ताबा वीस वर्षं कोणाचा होता, पीकपाहणी काय सांगते, आणि हायकोर्टाच्या निकालात ढवळाढवळ करायला कारण आहे का, ह्यावर ते ठरलं. शब्दाने एवढंच केलं की तो मध्ये आडवा आला नाही.

आता हातात घेतलं तर काय वेगळं करेन

वही आधी करेन, भाषांतर नंतर. नऊ दिवसांतला एक अख्खा दिवस नुसती पानं वाचून कोणता साक्षीदार कोणता शब्द किती वेळा बोलतो एवढंच मोजण्यात घालवेन. तेव्हा मी पहिल्या दिवशीच टाईप करायला बसले होते, काम पुढे सरकतंय असं वाटावं म्हणून.

मावशींना फोन मुदतीच्या आदल्या दिवशी न करता पहिल्या दोन दिवसांत करेन. साक्षीत नोंदलेल्या शब्दांच्या बाहेर मला जाता येत नाही हे खरं, पण त्या बोलताना ‘दाखवायला’ म्हणतात हे आधी कळलं असतं तर ऑस्टेन्सिबलच्या मागे दीड दिवस गेला नसता. आणि ज्याला मराठी येत नाही अशा माणसाकडून मसुदा वाचून घेणं ही मी आता सवयच लावून घेतलीय. मराठी येणारा वाचक माझी चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, न येणारा अडखळतो.

एक गोष्ट मात्र त्या भाषांतरात तशीच राहून गेली. मावशींच्या साक्षीत “त्यांच्यावर विश्वास ठेवून आम्ही कागद करून दिला” असं वाक्य आहे. त्याला मी ‘इन गुड फेथ’ लिहिलं, ओघात, चांगलं इंग्रजी म्हणून. गुड फेथ हा कायद्याचा शब्द आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात त्याची व्याख्या आहे, तिथे त्याचा अर्थ प्रामाणिकपणे केलेलं, निष्काळजीपणे का होईना. म्हणजे तो शब्द मावशींच्या स्वतःच्या हेतूबद्दल बोलतो. त्या तर आडत्याबद्दल बोलत होत्या, त्याच्यावर टाकलेल्या भरवशाबद्दल. ‘ट्रस्टिंग हिम’, दोन शब्दांत झालं असतं. दाखल झाल्यावर तीन आठवड्यांनी रात्री झोपताना हे डोक्यात आलं, सकाळी वकीलबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या ह्या वाक्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही, आता दुरुस्तीचा अर्ज नको. मावशींना मी ते अजून सांगितलेलं नाही, पुढच्या वेळी गावी गेले की सांगणार आहे.